तायक्वांदोचा पहिला पंच (ठोसा) पायांपासून शिका

माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी मी त्याला हात उगारू देत नाही. सुकतीची, म्हणजे ओहोटीची वेळ बघून मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर नेते, ओल्या पुळणीवर उभं करते आणि सांगते, "आता उडी न मारता अलगद बाजूला हो आणि खाली बघ." वाळूत त्याच्याच दोन पावलांचे ठसे उमटलेले असतात. एकाची टाच खोल रुतलेली, दुसऱ्याची बोटं भलतीकडे वळलेली. आपण अगदी सरळ उभे होतो असं त्याला वाटत असतं, आणि ठसे वेगळंच दाखवत असतात.

मालवण-देवगडकडे बऱ्याच वाड्यांवरून क्लास लांब पडतो. आठवड्यातून दोन दिवस एसटीने यायचं आणि मधले पाच दिवस घरीच सराव करायचा. त्या मधल्या पाच दिवसांसाठी हे लिहिते आहे. शिकवणारं माणूस डोळ्यांसमोर हवंच, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. पण काय तपासायचं हे माहीत असेल तर घरचा सराव वाया जात नाही.

तायक्वांदो म्हटलं की मुलं किक मागतात. टीव्हीवर त्यांनी तेच बघितलेलं असतं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा पदकाचा खेळ आहे. त्या लढतीत छातीवरच्या गार्डवर नीट बसलेल्या पंचला १ गुण मिळतो आणि चेहऱ्यावर पंच मारायला बंदी आहे. साहजिकच खेळाडू पायांवर भर देतात. पण १९५५ साली कोरियात या विद्येला जे नाव मिळालं त्यातच मूठ आहे: 'ते' (ताय) म्हणजे पाय, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करायला लागलात की पदोपदी पंच येतो, आणि तो कच्चा असेल तर परीक्षेत लगेच उघडा पडतो.

मी लिहिते ती पद्धत कुक्कीवोनची आहे. कुक्कीवोन ही सोलमधली १९७२ सालची संस्था. ब्लॅक बेल्टची दान, म्हणजे श्रेणीची, प्रमाणपत्रं तिथून येतात. आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) या दुसऱ्या प्रवाहात काही नावं आणि मापं वेगळी आहेत. आपला क्लास कोणत्या प्रवाहाचा आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर नुसत्या शब्दांवरून गोंधळ होतो.

जागा आणि वेळ

किनारा जवळ असेल तर ओहोटीला पाणी मागे सरल्यावर जी घट्ट, ओलसर पुळण उघडी पडते तिथे उभे राहा. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो आणि ठसाही उमटत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे "रोज सकाळी सहा" असं ठरवून चालत नाही, आज किती वाजता सुकती होती ते ध्यानात ठेवा. सपाट पट्टा निवडा. उताराच्या पुळणीवर एक पाय कायम खाली राहतो आणि कंबर वाकडी बसते. पाण्यात शिरायचं नाही, आणि शिंपल्या-काचा आधी बघून घ्यायच्या.

घरचं खळं असेल तर उत्तम. शेणाने सारवलेल्या खळ्यावर खडूने किंवा रांगोळीने रेघा मारता येतात. जांभ्याचं उघडं अंगण मात्र अनवाणी सरावाला वाईट, तळवे सोलून निघतात. पावसाळ्यात तर चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे उभंसुद्धा राहू नका. जून ते सप्टेंबर सरळ पडवीत या. पडवी अरुंद असते, पण भिंत हाताशी असते, आणि त्या भिंतीचा उपयोग पुढे सांगते.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी धावणं, घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मनगटं फिरवणं. मनगटं विसरू नका.

मूठ

कोरियन शब्द जुमोक. हात उघडा धरा, चारही बोटं जुळवा. आता बोटांची टोकं आधी आत वळवा, मग मधली पेरं, मग तळाची. पोळीची गुंडाळी करताना टोकापासून करतो तशी. आत पोकळी राहता कामा नये. शेवटी अंगठा वाकवून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर घट्ट ठेवा.

अंगठा मुठीच्या आत घेण्याची खोड लहान मुलांना हमखास असते. अशा मुठीने कशावर आदळलं तर अंगठाच मोडेल. दुसरी खोड अंगठा वर उभा ठेवण्याची, तो समोरच्याच्या कपड्यात अडकतो. नखं वाढलेली असतील तर तळव्याला टोचतात आणि मूठ आपोआप सैल पडते, म्हणून सरावाआधी नखं कापा.

पंच बसतो तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर. करंगळीकडची हाडं नाजूक, त्यांच्यावर भार येऊ द्यायचा नाही. तपासायचं असेल तर भिंतीवर टॉवेलची घडी धरा, फक्त ते दोन उंचवटे टेकवा आणि हळूहळू अंगाचा भार द्या. मारायचं नाही, दाबायचं. मनगट वर, खाली किंवा बाजूला वाकलं तर लगेच कळतं. हाताच्या पाठीवरून कोपरापर्यंत पट्टी ठेवली तर ती सपाट बसली पाहिजे. रोज दहा-दहा सेकंद, तीन वेळा. कंटाळवाणं वाटेल, तरी पहिले दोन आठवडे हे सोडू नका. पॅडवर मारताना ज्यांचं मनगट मुरगळतं, त्यांनी बहुधा ही पायरी गाळलेली असते.

स्टान्स

स्टान्स म्हणजे उभं राहण्याची ढब, तिला कोरियनमध्ये सोगी म्हणतात. खाली 'पाऊल' म्हणते तेव्हा तुमच्या स्वतःच्या पावलाची लांबी, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. 'ढांग' म्हणते तेव्हा चालतानाचं अंतर. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचं माप त्याचं, बापाचं माप बापाचं.

चार्योत म्हणजे सावधान: टाचा जुळलेल्या, हात बाजूला. मग चुनबी, म्हणजे तयार. डावा पाय बाजूला घेऊन दोन पायांत एक पाऊल अंतर, दोन्ही पावलं समांतर, दोन्ही मुठी बेंबीच्या खाली, पोटापासून थोड्या पुढे. यात शिकायचं ते पावलं समांतर ठेवणं. आपण उभे राहतो तेव्हा बोटं बाहेर वळलेली असतात, आणि ती सवय सगळ्या स्टान्समध्ये मागे लागते.

जुचुम सोगी हा घोड्यावर बसल्यासारखा स्टान्स. पंचचा पहिला सराव यातच होतो.

चुनबीतून पाय आणखी बाजूला घ्या, अंतर दोन पावलं. पावलं समांतर. गुडघे वाकवून खाली बसा, पाठ सरळ, ढुंगण मागे काढायचं नाही. नजर खाली नेलीत तर गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत दिसली पाहिजेत. गुडघे आत पडू देऊ नका, किंचित बाहेर रेटून धरा. भार दोन्ही पायांवर सारखा.

आता ठसा वाचा. तीस सेकंद असे उभे राहा आणि अलगद बाजूला व्हा. दोन ठसे रुळांसारखे समांतर आहेत का? फाटे फुटल्यासारखे असतील तर बोटं बाहेर गेलीत. टाचेकडे खड्डा असेल तर तुम्ही मागे रेललात, बोटांकडे खोल असेल तर छाती पुढे पडली. आतली कड खोल म्हणजे गुडघे आत पडले. एक ठसा दुसऱ्यापेक्षा खोल असणं तर जवळजवळ प्रत्येकाचं होतं, कारण प्रत्येकाचा एक पाय लाडका असतो. दुरुस्त करा, दोन हात बाजूला सरका, परत उभे राहा. असे सात-आठ ठसे झाले की पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेवल्यासारखे बघता येतात.

गुडघे दुखत असतील किंवा वय जास्त असेल तर कमी वाका. माप सगळं बरोबर ठेवून उंच उभं राहिलात तरी चालतं.

आप सोगी म्हणजे चालताना थांबल्यासारखं. एक साधी ढांग टाका आणि थांबा, झालं. दोन्ही गुडघे सरळ पण ताठ नाहीत, भार दोन्हीकडे सारखा, पुढचं पाऊल समोर, मागचं किंचित बाहेर. सोपा म्हणून मुलं याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि ढांग लांबवत नेतात. तुमची नेहमीची चाल जेवढी, तेवढंच.

आप कुबी हा लांब स्टान्स. याला वेळ द्या. अंतर दीड ढांग, म्हणजे चार ते साडेचार पावलं. पुढचं पाऊल नाकासमोर. पुढचा गुडघा एवढा वाकवा की वरून बघितलं तर तो बोटांच्या रेषेत येईल. मागचा पाय सरळ, त्याचं पाऊल ३० अंश बाहेर. भाराचे तीन भाग केले तर दोन पुढच्या पायावर. दोन्ही पावलं एकाच दोरीवर ठेवायची नाहीत, आतल्या कडांमध्ये एका मुठीएवढी रुंदी हवी. ही रुंदी नसली की नुसत्या धक्क्याने माणूस कलंडतो.

आप कुबीच्या ठशात मी सगळ्यात आधी मागची टाच शोधते. वाळूत मागच्या पावलाचा फक्त पुढचा अर्धा भाग उमटला असेल तर टाच उचललेली होती, आणि त्या पंचमध्ये जोर येणार नाही. का, ते पंचकडे वळल्यावर सांगते.

द्वित कुबी हा मागच्या पायावर बसायचा स्टान्स, पावलं काटकोनात, ७० टक्के भार मागे. तो पुढच्या पट्ट्यांना (बेल्टना) लागतो, आत्ता नाव माहीत असू द्या.

पुढे चालताना डोकं एकाच उंचीवर राहिलं पाहिजे. पडवीत कपडे वाळत घालायची दोरी असते, ती आप कुबीत उभं राहिल्यावर केसांना जेमतेम लागेल एवढी बांधा आणि तिच्याखालून सरळ चाला. पाय जुळताना अंग वर आलं तर डोक्याने दोरी उचलली जाते. पाय आपटत टाकू नका, जमिनीलगत न्या, आणि पाऊल टेकल्यावरच भार द्या.

पंच

लहानपणी मी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याची, दोरी ओढायला जायचे. दोरीला सगळ्या वाडीचे हात लागायचे. मी दंडातला सगळा जोर लावायची आणि दोरी तसूभर हलायची नाही. शेजारचे आजोबा म्हणायचे, "हातान नाय गो, पायान ओढ." टाच पुळणीत रोवून पायाने जमीन रेटली की दोरी यायला लागायची, हात फक्त ती धरून असायचे. पंचमध्ये जोराची दिशा उलटी असते, पण वाट तीच: जमीन, टाच, पाय, कंबर, खांदा, मूठ. म्हणून मागची टाच उचलली की वाट तिथेच तुटते.

पंचला जिरूगी म्हणतात. छाती-पोटाच्या उंचीवरचा मोमतोंग जिरूगी आधी शिका. जुचुम सोगीत उभे राहा. डावी मूठ समोर लांब, पालथी. उजवी मूठ कमरेच्या हाडाच्या वर, पट्ट्यापाशी, उताणी, म्हणजे बोटं आकाशाकडे. उजवं कोपर मागे, अंगाला लागून.

आता अगदी सावकाश, मनात चार आकडे मोजत: उजवी मूठ उताणीच पुढे निघते आणि त्याच क्षणी डावी मागे यायला लागते. कोपर बरगड्यांना घासत पुढे येतं. दोन्ही हात मध्यावर एकमेकांना ओलांडतात. उजवं कोपर अंग सोडतं तशी मूठ वळायला लागते, आणि अगदी शेवटी पालथी होऊन थांबते, डावी त्याच वेळी कमरेवर उताणी. मूठ थांबते ती छातीच्या मधोमध, बरगड्या जिथे फाकतात त्या खड्ड्याच्या उंचीवर. स्वतःच्या खांद्याच्या रेषेत नाही, बेंबी-नाकाच्या रेषेत. हात पोहोचेपर्यंत मूठ सैलसर, शेवटच्या क्षणी घट्ट. श्वास नाकाने आत, पंचबरोबर तोंडाने थोडक्यात बाहेर.

मागे येणारा हात आळशी असतो. तो ओढायचा लक्षात ठेवा, पुढचा आपोआप वेग घेतो.

कोपर बाहेर उडणं ही सर्वांत मोठी चूक. पडवीची भिंत इथे कामाला येते. उजवी बाजू भिंतीला जवळजवळ लावून उभे राहा, वीतभरही जागा नको, आणि सावकाश पंच मारा. कोपर उडालं की भिंतीला लागेल. मग वळून डावी बाजू. खांदाही बघा, पंचबरोबर तो कानाकडे चढतो किंवा पुढे निघतो. जुचुम सोगीत छाती समोरच राहायला हवी. दांडीवर मी मुलांना समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर नजर ठेवायला सांगते. नजर स्थिर राहिली की मान आणि खांदे कमी हलतात.

कोपराबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मी शिकायला लागले तेव्हा जोरात मारायच्या नादात हात हवेत पूर्ण ताणून झटका द्यायची, बाहीचा आवाज आला की बरं वाटायचं. दोनेक महिन्यांत उजवं कोपर एवढं दुखायला लागलं की भरलेली कळशी उचलवेना. तेव्हाच्या शिकवणाऱ्यांनी "होईल सवय" म्हणून सोडून दिलं. ती सवय होण्यासारखी गोष्ट नव्हती. हवेत हात अडवायला काही नसतं, सगळा झटका सांध्यावर येतो. हात सरळ दिसला पाहिजे, पण कोपराचं कुलूप लागायच्या केसभर आधी थांबवा. आणि पहिला महिना जोर अर्ध्यावरच ठेवा.

मोमतोंग बसला की उंची बदला. ओल्गुल जिरूगी चेहऱ्याच्या उंचीला, नाक आणि वरच्या ओठाच्या मध्ये. आरे जिरूगी बेंबीच्या खाली. हात खाली-वर जातो, अंग वाकत नाही.

पाय आणि हात एकत्र

ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा हात मारला तर बांदे जिरूगी. उलट बाजूचा मारला तर बारो जिरूगी. आयटीएफमध्ये ही दोन नावं नेमकी उलटी वापरतात, म्हणून वर म्हटलं आधी विचारा.

बांदे आप सोगीत शिका: उजवा पाय पुढे टाका, पाऊल टेकताना उजवा पंच पोहोचला पाहिजे. पाय आधी आणि हात मागून असं होत असेल तर वेग कमी करा.

बारो आप कुबीत शिका. डावा पाय पुढे, उजवा हात मारायचा. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर समोर वळते, मग मूठ सुटते. झाल्यावर तसेच थांबा आणि घरातल्या कुणालातरी तुमच्या मुठीवर तळहात ठेवून हळूहळू मागे रेटायला सांगा. स्टान्स बरोबर असेल तर तो दाब हातातून कमरेत आणि कमरेतून मागच्या टाचेत उतरतो, टाच पुळणीत आणखी रुतते आणि तुम्ही उभे राहता. खांदा मागे गेला, कंबर मोडली किंवा मागे पाऊल टाकावं लागलं तर कुठे सुटलं ते तिथेच समजतं. मी दर आठवड्याला हे करून बघते, ब्लॅक बेल्टवाल्यांचंही.

मोजणी कोरियनमध्येच करा, क्लासात तीच चालते: हाना, दूल, सेत, नेत, दासोत, योसोत, इल्गोप, योदोल, आहोप, योल. दहाव्याला किहाप, म्हणजे जोराची आरोळी द्या. तो घशातून किंचाळून येत नाही, पोट आवळून श्वास सोडला की येतो. पडवीत लाजायचं कारण नाही, शेजाऱ्यांना दोन दिवसांत सवय होते.

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पहिला आठवडा मूठ, चुनबी, जुचुम सोगी आणि सावकाश पंच, दहाच्या तीन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात थोडा वेग, भिंतीची परीक्षा आणि आप सोगीत चालणं. तिसऱ्यात बांदे. आप कुबी आणि बारो चौथ्या आठवड्याच्या आधी एकत्र करू नका. मोबाइल कमरेच्या उंचीवर टेकवून एकदा समोरून, एकदा बाजूने चित्रीकरण करा आणि क्लासात दाखवा.

मुलांच्या आईवडलांसाठी: माडाच्या बुंध्याला सुंभ गुंडाळून त्यावर मुठी आपटणारी पोरं मी बघितली आहेत. ते ताबडतोब थांबवा. वाढत्या वयातली हाडं आणि बोटांचे सांधे त्याने कायमचे बिघडू शकतात. महिनाभर हवेत, मग मऊ हँडपॅडवर, तेही मोठं माणूस पॅड धरायला असताना. डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, घामाने भिजतो आणि आपल्या दमट हवेत पिशवीत तसाच राहिला तर रात्रीत वास धरतो, पावसात बुरशी. घरी आल्याबरोबर धुवा. पुळणीवर सराव केला असेल तर वाळू आणि खार आधी गोड्या पाण्याने काढा.

यानंतर पहिला पूमसे, तेगुक इल जांग. त्यात १८ हालचाली आहेत. पहिल्या दोन आप सोगीतल्या: डावीकडे वळून आरे माक्की, म्हणजे खालचा ब्लॉक, आणि उजवा पाय पुढे टाकून बांदे जिरूगी. तिसरी-चौथी उलट दिशेला तशीच. पाचवीला आप कुबी येते, सहावीला तिच्यातच उभं राहून बारो जिरूगी. नवीन मुलं सहावीला हमखास मागची टाच उचलतात. क्लासात हा पूमसे सुरू व्हायच्या आधी पुळणीवर जाऊन फक्त पाचवी-सहावी वीस वेळा करा, आणि दर वेळी वळून मागचा ठसा बघा.